शालेय ग्रंथपालाचे ब्लॉग-वाचन आणि फीड रीडर : एक चिकित्सा

ग्रंथालयाच्या कामात एखादे नवे साधन आले की त्याचे स्वागत प्रायः एकाच शब्दांत होते : या साधनाने वेळ वाचतो. फीड रीडरच्या बाबतीतही तसेच झाले. इ. स. 2000 नंतरच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील शालेय ग्रंथपालांसाठी जी मार्गदर्शक टिपणे आणि उपयुक्त ब्लॉगांच्या याद्या निघाल्या, त्यांचा आराखडा बहुधा ठरलेला असे. आरंभी ब्लॉग म्हणजे काय याचा खुलासा, मग फीडची व्याख्या, मग अमुक एका फीड रीडरमध्ये खाते कसे उघडावे याची कृती आणि शेवटी दहा-वीस ब्लॉगांची नावे. वीस ठिकाणी जाऊन नवे काही आले आहे काय हे पाहण्याऐवजी वीस ठिकाणचे नवे लेखन एका जागी पाहावे, एवढाच या लेखनाचा युक्तिवाद. तो खोटा नाही, परंतु अपुरा आहे. आणि त्याचा अपुरेपणा पुढे ही साधने डळमळू लागली तेव्हा उघडा पडला. जे साधन केवळ वेळ वाचविते ते, त्याहून अधिक वेळ वाचविणारे दुसरे साधन पुढे येताच, टाकून दिले जाते. फीड रीडरचे महत्त्व निराळ्या ठिकाणी आहे. शाळेत एकट्याने काम करणाऱ्या ग्रंथपालाने कोणाचे म्हणणे ऐकावे हे ठरविण्याचा अधिकार, आणि त्या अधिकारासोबत येणारी जबाबदारी, हे साधन त्याच्याच हाती ठेवते.

येथे 'एकट्याने' हा शब्द जाणूनबुजून योजला आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ग्रंथपालाला सहकारी असतात; एखाद्या ग्रंथाविषयी शंका आली तर शेजारच्या टेबलावर विचारता येते. शाळेत तसे नसते. शाळेच्या इमारतीत गणिताचे तीन शिक्षक असतील, भाषेचे पाच असतील. ग्रंथपाल मात्र एकच, आणि तोही असला तर. अमेरिकेत 2009-10 ते 2018-19 या काळात शालेय ग्रंथपालांची संख्या सुमारे एक-पंचमांशाने घटली. जे उरले त्यांपैकी अनेकांकडे एकाहून अधिक शाळांचे काम आले. अशा माणसाला समव्यावसायिकाचा आवाज ऐकू येण्याचे मार्ग तीनच : वार्षिक परिषद, व्यवसायाचे नियतकालिक आणि ब्लॉग. परिषद वर्षातून एकदा भरते. नियतकालिक महिन्यातून एकदा येते आणि त्यातील परीक्षणे मोजक्या शब्दांची असतात. ब्लॉगाने ही उणीव भरून काढली, कारण त्यात परीक्षणाबरोबर परीक्षण करणाऱ्याची रोजची अडचण, त्याचा त्रागा आणि त्याचे फसलेले प्रयोगही आले.

फीड म्हणजे काय हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. संकेतस्थळ आपल्या अलीकडच्या नोंदींची एक यादी यंत्राला वाचता येईल अशा ठराविक स्वरूपात ठेवते, हीच फीड. तीत प्रत्येक नोंदीचे शीर्षक, दुवा, दिनांक, सारांश किंवा संपूर्ण मजकूर आणि बहुधा तीच नोंद पुन्हा आल्यास ओळखू यावी म्हणून एक ओळखचिन्ह असते. फीड रीडर ठराविक अंतराने त्या संकेतस्थळाला विचारतो : मागच्या वेळेनंतर काही बदलले आहे काय? बदल नसेल तर नकारार्थी उत्तर मिळते आणि काहीच पाठविले जात नाही. असेल तर नवी यादी येते. ग्रंथपालाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. नियतकालिकांची आवक नोंदविणारी कार्डेक्स-पद्धती याच तत्त्वावर चालत आली आहे. भेद आहे तो एका महत्त्वाच्या बाबतीत. कार्डेक्सच्या कार्डावर न आलेल्या अंकाचा रकाना रिकामा दिसतो, आणि रिकामा रकाना पाहून ग्रंथपाल प्रकाशकाला स्मरणपत्र धाडतो. फीड रीडरमध्ये मौन दिसत नाही. लेखकाने लिहिणे थांबविले, की ब्लॉग नव्या पत्त्यावर गेला आणि जुनी फीड तशीच पडून राहिली, हे वरून कळण्यास मार्ग नसतो. दोन्ही वेळा यादीत ते नाव शांतपणे बसलेले असते. उपयुक्त ब्लॉगांच्या छापील याद्यांना जी कीड लागते तीच येथेही आत शिरते, फक्त अधिक गुपचूप.

या तंत्राचा इतिहास लांबलचक वादांनी भरलेला आहे, पण ग्रंथपालाच्या दृष्टीने त्यातील थोडाच भाग कामाचा. मार्च 1999 मध्ये नेटस्केप कंपनीने आरएसएस या नावाने पहिले स्वरूप प्रसिद्ध केले. डेव्ह वायनर यांनी ते पुढे वाढविले आणि 2002 मध्ये त्याची 2.0 ही आवृत्ती निघाली. 2005 मध्ये ॲटम हे दुसरे प्रमाणित स्वरूप आले. ग्रंथपालांच्या जगात या कल्पनेचा आग्रहाने प्रचार ज्यांनी केला त्यांत शिकागोच्या उपनगरांतील ग्रंथालयांत काम करणाऱ्या जेनी लेव्हिन यांच्या 'द शिफ्टेड लायब्रेरियन' या 2002 मध्ये सुरू झालेल्या ब्लॉगाचे नाव प्रथम घ्यावे लागते. माहितीकडे माणसाने जाण्याऐवजी माहितीने माणसाकडे यावे, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सूत्र होते.

हे सूत्र ग्रंथालयशास्त्राला नवीन नव्हते, आणि नेमके येथेच फीड रीडरच्या समर्थकांनी अधिक विचार करावयास हवा होता. आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी 1958 मध्ये मांडलेल्या योजनेत प्रत्येक वाचकाच्या आस्थाविषयांचे एक टाचण यंत्रात ठेवावे, नव्याने येणाऱ्या प्रत्येक दस्तऐवजाचे सार त्या टाचणाशी ताडून पाहावे आणि जुळेल ते त्या वाचकाकडे पाठवावे, अशी कल्पना होती. निवडक माहिती प्रसारणाची पुढील सारी परंपरा या कल्पनेची ऋणी आहे. फीड रीडरला या परंपरेचे वंशज समजण्याचा मोह होतो. परंतु तो आवरला पाहिजे. लून यांच्या योजनेत निवड विषयावरून होते, फीड रीडरमध्ये ती उगमावरून होते. तेथे वाचक म्हणतो, 'मला या विषयावरचे सर्व दे'. येथे तो म्हणतो, 'मला या माणसाचे सर्व दे, मग विषय कोणताही असो.' म्हणजे फीड रीडरचे खरे नाते निवडक माहिती प्रसारणाशी नसून, नियतकालिकाचा नवा अंक टेबलाटेबलांवरून फिरविण्याच्या जुन्या रिवाजाशी आहे.

हा भेद मान्य केला की दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, माणसाची निवड ही विषयाच्या निवडीपेक्षा कठीण आहे. कारण विषय बदलत नाही, माणूस बदलतो. दुसरी, फीड रीडरमध्ये कप्पे करून ब्लॉगांची जी वर्गवारी केली जाते ती वर्गीकरणाच्या दृष्टीने अत्यंत कच्ची असते. 'बालसाहित्य', 'तंत्रज्ञान', 'शाळा-प्रशासन' असे कप्पे केले आणि प्रत्येक ब्लॉग त्यांपैकी एकात टाकला, तर ज्या ब्लॉगात आज आंतरजालावरील गाळण्यांविषयी, उद्या अंदाजपत्रकाविषयी आणि परवा लेखकाच्या सहलीविषयी लिहिले जाते तो कोठे जावा? रंगनाथन यांनी 1933 च्या द्विबिंदू वर्गीकरणात ज्या अडचणीवर फलक-विश्लेषणाचा उपाय शोधला तीच ही अडचण. कप्पा हा उगमाचा असतो आणि विषय हा नोंदीचा असतो. म्हणून जी नोंद पुढे लागणार आहे तिला स्वतंत्रपणे विषयखूण लावून ठेवणे हाच मार्ग. फीड रीडरच्या बाजूला कोरलेली कप्प्यांची सुबक उतरंड ही बव्हंशी मनाचे समाधान असते.

आता प्रत्यक्ष ब्लॉगांकडे वळावयास हवे, कारण साधनाची किंमत त्यातून येणाऱ्या मजकुराच्या किमतीहून वेगळी काढता येत नाही.

डग जॉन्सन यांचा 'ब्लू स्कंक ब्लॉग' 2005 मध्ये सुरू झाला. जॉन्सन हे मिनेसोटा राज्यातील मँकेटो येथील शाळांच्या माध्यम व तंत्रज्ञान विभागाचे अनेक वर्षे संचालक होते. त्यांच्या लेखनाचे सामर्थ्य ग्रंथपरीक्षणात नव्हते. शाळेच्या प्रशासनात ग्रंथपालाचे स्थान कोठे, मुख्याध्यापकाला ग्रंथालयाची किंमत कशी पटवून द्यावी, अंदाजपत्रक मागताना कोणती भाषा वापरावी, अशा ज्या गोष्टी पाठ्यपुस्तकांत येत नाहीत त्यांवर ते लिहीत. आंतरजालावरील गाळण्यांच्या अतिरेकावर त्यांनी वारंवार टीका केली. या ठिकाणी एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. अमेरिकेत 2000 च्या कायद्याने, इंटरनेट-जोडणीसाठी केंद्रीय अनुदानाची सवलत घेणाऱ्या शाळांना गाळण्या बसविणे बंधनकारक झाले. आणि कित्येक शाळांतील गाळण्या ब्लॉगांचे आश्रयस्थानच सरसकट बंद करीत. परिणामी गाळण्यांवरील ही चर्चा गाळण्यांच्या आड राही. जालावरील फीड रीडरमध्ये मात्र मजकूर मूळ संकेतस्थळावरून न येता फीड रीडरच्या स्वतःच्या यंत्रावरून येई, आणि पुष्कळदा तो वाचता येई. हे साधनाच्या गुणांत मोडावे की पळवाटांत, हे ज्याचे त्याने ठरवावे.

जॉइस व्हॅलेन्झा यांचा 'नेव्हरएंडिंग सर्च' हा ब्लॉग याहून निराळ्या प्रकृतीचा. पेनसिल्व्हेनियातील एका माध्यमिक शाळेच्या त्या ग्रंथपाल होत्या. पुढे रटगर्स विद्यापीठात अध्यापक झाल्या. 'स्कूल लायब्ररी जर्नल' या नियतकालिकाच्या संकेतस्थळावर त्यांचे लेखन येई. शोध कसा घ्यावा, विद्यार्थ्यांना साधनांची पारख कशी शिकवावी, कोणते नवे साधन वर्गात चालते, या विषयांवर त्यांनी विपुल लिहिले. विपुलता हाच त्यातील गुण आणि हाच दोष. नव्या साधनांची ओळख करून देणाऱ्या नोंदी उत्साहाने भरलेल्या असत. त्यांतील कित्येक साधने काही वर्षांतच बंद पडली. फीड रीडरमध्ये अशी नोंद आली त्या दिवशी तिचा उपयोग होता. ती तारांकित करून ठेवणाऱ्याच्या संग्रहात आज मृत दुव्यांचीच रास उरली असेल. उलट शोधाच्या अध्यापनावर लिहिलेल्या त्यांच्या विवेचक नोंदी आजही वाचनीय आहेत. एकाच लेखकाच्या एकाच फीडमधून अल्पायुषी आणि दीर्घायुषी अशा दोन्ही प्रकारचे लेखन येते, आणि त्यांतील भेद साधन सांगत नाही. ते दोहोंना एकाच आकाराच्या ओळीत मांडते.

बालसाहित्याच्या परीक्षणासाठी एलिझाबेथ बर्ड यांच्या 'अ फ्यूज एट प्रॉडक्शन' या 2006 मध्ये सुरू झालेल्या ब्लॉगाला विशेष स्थान आहे. बर्ड या त्या काळी न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयातील बालविभागाच्या ग्रंथपाल होत्या. म्हणजे शाळेतल्या नव्हेत, पण शालेय ग्रंथपालांनी त्यांना आपले मानले. नियतकालिकातील परीक्षण काही ओळींत आटोपते, तेथे त्या एका चित्रपुस्तकावर हजार-दीड हजार शब्द लिहीत. 2009 मध्ये त्यांनी वाचकांकडून मते मागवून शंभर श्रेष्ठ चित्रपुस्तकांची यादी केली; 2012 मध्ये ती पुन्हा केली. दोन्ही वेळा पहिले स्थान मॉरिस सेंडॅक यांच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' या पुस्तकाला मिळाले. निकाल म्हणून या यादीत आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही; बालसाहित्याच्या कोणत्याही अभ्यासकाने पहिली दहा नावे बरीचशी अचूक सांगितली असती. मोल आहे ते प्रत्येक नावाखाली बर्ड यांनी लिहिलेल्या टिपणाला. त्या पुस्तकाच्या निर्मितीची हकीकत, प्रसिद्धीच्या वेळचे अभिप्राय, निरनिराळी मुखपृष्ठे आणि मत देणाऱ्या वाचकांची कारणे असे सारे तेथे एकत्र येई. शंभराव्या क्रमांकापासून वर चढत जाणारी ही मालिका ज्यांनी क्रमाने आणि थोडी-थोडी वाचली त्यांना चित्रपुस्तकाच्या इतिहासाचा एक अभ्यासक्रमच मिळाला. येथे फीड रीडरचा क्रमशः वाचनाचा गुण पूर्णपणे सार्थकी लागलेला दिसतो. ज्याने नंतर केवळ शेवटची यादी पाहिली त्याला फक्त शंभर नावे मिळाली.

ट्रॅव्हिस जॉन्कर या मिशिगनमधील प्राथमिक शाळेच्या ग्रंथपालाचा 2007 मधील '100 स्कोप नोट्स' हा ब्लॉग हलक्याफुलक्या वळणाचा. पुस्तकांचे कणे एकावर एक रचून त्यांवरील शीर्षकांतून कविता साधण्याचा खेळ त्यांनी शाळाशाळांतून लोकप्रिय केला. गंभीर वृत्तीच्या अभ्यासकाला हा खेळ क्षुल्लक वाटेल. परंतु मुलांना कपाटाजवळ थांबवून शीर्षके वाचावयास लावणारी युक्ती शालेय ग्रंथपाल क्षुल्लक मानीत नाही.

या सर्वांत समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय ब्लॉग मात्र 'हेवी मेडल' हा होय. 1922 पासून दिल्या जाणाऱ्या न्यूबेरी पदकासाठी पंधरा सदस्यांची समिती वर्षभर वाचन करते आणि तिची चर्चा गुप्त असते. निकाल तेवढा जानेवारीच्या सुमारास जाहीर होतो, कारणे कधीच होत नाहीत. 2008 पासून 'हेवी मेडल'ने या समितीचे एक उघडे प्रतिरूप उभे केले. शरद ऋतूपासून जानेवारीपर्यंत त्या वर्षीच्या पुस्तकांवर पदकाच्या निकषांनुसार चर्चा होई : विषयाची मांडणी, माहितीचा अचूकपणा, कथानक, व्यक्तिरेखा, वातावरण, शैली. पदक लोकप्रियतेसाठी नाही आणि बोधासाठीही नाही, या निकषांतील अटीचे स्मरण सहभागी वाचकांना पुनःपुन्हा द्यावे लागे. 'मुलांना हे पुस्तक फार आवडते' हे विधान शालेय ग्रंथपालाच्या तोंडी सहज येते. परंतु गुणवत्तेच्या चर्चेत ते पुरावा म्हणून चालत नाही. का चालत नाही, आणि केव्हा चालावे, यावरचा वाद हाच या ब्लॉगाचा गाभा. एखाद्या ग्रंथालयशास्त्र विभागातील चर्चासत्राने हेवा करावा असा हा वाद होता. शाळेतील एकाकी ग्रंथपाल तो नुसता वाचीत गेला तरी त्याच्या स्वतःच्या निवडीची भाषा बदलल्यावाचून राहात नाही. 'आवडले' आणि 'आवडले नाही' यांच्या जागी कारणे येतात.

कारणांना एवढे महत्त्व का, हे अमेरिकेतील अलीकडच्या घडामोडींवरून कळेल. शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालयांतून पुस्तके काढून टाकण्याच्या मागण्या 2021 पासून झपाट्याने वाढल्या. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने 2023 मध्ये 4,240 निरनिराळ्या ग्रंथांविरुद्ध अशा मागण्या झाल्याची नोंद केली. मागणी आली की ग्रंथपालाला पहिला प्रश्न विचारला जातो : हे पुस्तक तुम्ही का घेतले? अनेक शाळांच्या ग्रंथनिवड-धोरणांत व्यावसायिक परीक्षणांचा आधार घ्यावा असे म्हटलेले असते. ब्लॉगावरील परीक्षण या व्याख्येत बसते काय? नियतकालिकाच्या आश्रयाखाली लिहिणाऱ्याचे बसते आणि स्वतंत्रपणे लिहिणाऱ्याचे बसत नाही, असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्यात संस्थेच्या नावाला परीक्षणाच्या गुणाहून अधिक वजन दिले जाते. उलट स्वतंत्र ब्लॉगांवर प्रकाशकांकडून भेट आलेल्या प्रतींचा प्रभाव पडतो ही शंकाही निराधार नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2009 मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वे बदलून असा संबंध जाहीर करण्याची अपेक्षा ब्लॉगलेखकांकडून केली. तेव्हा बालसाहित्याच्या ब्लॉगक्षेत्रात बराच संताप व्यक्त झाला. संताप अनाठायी होता. छापील नियतकालिकांनाही प्रती फुकट येतात हे खरे; पण तेथे परीक्षकावर संपादक असतो. ब्लॉगलेखकावर संपादक नसतो. वाचक हाच त्याचा संपादक, आणि वाचकाला संपादन करावयाचे तर त्याला व्यवहार माहीत असला पाहिजे. शालेय ग्रंथपालाने आपल्या फीडसूचीतील प्रत्येक ब्लॉगाबद्दल निदान एवढे जाणून घ्यावे की त्यावर प्रतिकूल परीक्षण कधी आले आहे काय. ज्या ब्लॉगात वर्षभरात एकही पुस्तक वाईट ठरले नाही तो ब्लॉग कदाचित् फार सज्जन माणसाचा असेल, परंतु ग्रंथनिवडीला त्याचा उपयोग बेताचाच.

साधनाच्या मर्यादांपैकी एक मर्यादा शाळेच्या वेळापत्रकाशी निगडित आहे. फीडमध्ये संकेतस्थळावरील सर्व नोंदी नसतात, फक्त अलीकडच्या असतात. वर्डप्रेसमध्ये ही संख्या मुळात दहा ठेवलेली असते. जो फीड रीडर ग्रंथपालाच्या स्वतःच्या संगणकावर चालतो तो संगणक बंद असताना काहीच गोळा करीत नाही. दीर्घ सुटीनंतर शाळेतला संगणक उघडला की रोज लिहिणाऱ्या ब्लॉगाच्या शेवटच्या दहा नोंदी हाती लागतात. मधल्या गळून गेलेल्या असतात, आणि त्या गळाल्याची खूणही नसते. जालावरील फीड रीडरमध्ये हा दोष नाही, कारण त्याचे यंत्र सुटी घेत नाही. पण तेथे दुसरा ताप असतो. सुटीवरून परतलेल्या ग्रंथपालासमोर न वाचलेल्या शेकडो नोंदींचा आकडा ठळक अक्षरांत उभा राहतो. या आकड्याने अनेकांना हे साधन सोडावयास लावले. वाचनाचे कर्ज समजून तो फेडण्याचा प्रयत्न करणे हीच चूक होय. दैनिकाचे मागील दोन महिन्यांचे अंक कोणी साठवून वाचीत नाही. 'सर्व वाचले' अशी खूण करून पुढे जाण्याची मुभा साधनात असते. ती निःसंकोचपणे वापरावी, आणि ज्या ब्लॉगाच्या नोंदी अशा प्रकारे तीनदा न वाचता पुसल्या गेल्या तो सूचीतूनच काढावा. ग्रंथालयातील कालबाह्य ग्रंथ छाटण्याचे काम जो नेमाने करतो त्याने आपल्या फीडसूचीला मात्र हात लावू नये, याला काही कारण नाही.

याहून गंभीर मर्यादा 2013 मध्ये प्रत्ययास आली. गूगल रीडर हा फीड रीडर ऑक्टोबर 2005 मध्ये सुरू झाला होता आणि विनामूल्य असल्यामुळे त्याने या क्षेत्रात इतरांना जवळजवळ जागाच ठेवली नव्हती. 2011 मध्ये त्यातील परस्परांना नोंदी सुचविण्याची सोय काढून टाकण्यात आली. 13 मार्च 2013 रोजी तो बंद करण्याची घोषणा झाली, कारण वापर घटला आहे असे सांगण्यात आले. आणि 1 जुलै 2013 रोजी तो बंद झाला. फीडसूची ओपीएमएल या स्वरूपात उतरवून घेण्याची मुदत तेवढी दोन आठवड्यांनी वाढवून दिली होती. ज्यांनी ती उतरवून घेतली त्यांचे नुकसान फारसे झाले नाही. फीडली, न्यूजब्लर, इनोरीडर यांपैकी कोठेही तीच सूची काही मिनिटांत पुन्हा चालू लागली. ज्यांनी घेतली नाही त्यांची अनेक वर्षांची निवड नाहीशी झाली. मार्गदर्शक टिपणांनी खाते उघडण्याची कृती सविस्तर सांगितली होती. सूची उतरवून घेण्याची क्वचित्च. आणि या दोन कृतींत दुसरीच अधिक महत्त्वाची होती. कारण फीड रीडर ही भाड्याची जागा, सूची हीच खरी मालमत्ता.

या घटनेनंतर फीडचे युग संपले असा बोलबाला झाला. ट्विटरने त्याच सुमारास आपल्या फीडी बंद केल्या. फायरफॉक्सने डिसेंबर 2018 मध्ये आपल्या अंगची फीड-वाचनाची सोय काढली. अनेक ग्रंथपालांनी ब्लॉगांऐवजी समाजमाध्यमांवर परस्परांना अनुसरणे पसंत केले, आणि कित्येक ब्लॉगलेखकही तिकडे गेले. तेथे चर्चा चपळ होते हे नाकारता येत नाही. परंतु तेथे काय दिसावे याचा क्रम वाचक ठरवीत नाही. ज्या लेखनाने अधिक माणसे अधिक वेळ खिळून राहतील ते वर येते. पुस्तकांवरील बंदीच्या मागणीची सनसनाटी बातमी वर येते, एका संयत चित्रपुस्तकाचे दीड हजार शब्दांचे परीक्षण खाली जाते. फीड रीडरमधील कालानुक्रम कंटाळवाणा आहे, परंतु निःपक्षपाती आहे. रंगनाथन यांनी 1931 मध्ये सांगितलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते खरे. परंतु त्याच्या आधीची दोन सूत्रे प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळवून देण्याविषयी आहेत. ही गाठ घालून देण्याचे काम ज्याने करावयाचे त्याने स्वतः काय वाचावे हे दुसऱ्याच्या लाभाच्या हिशेबावर सोडून देणे त्या सूत्रांशी विसंगत ठरते.

महाराष्ट्रातील शालेय ग्रंथपालाने या अमेरिकी ब्लॉगांची सूची जशीच्या तशी उचलावी काय, असा प्रश्न या विभागातील विद्यार्थ्यांना पडणे स्वाभाविक आहे. त्यांतील बहुसंख्य पुस्तके मराठी माध्यमाच्या शाळेच्या कपाटात कधी येणार नाहीत. म्हणून नावांचा उपयोग थोडा, परीक्षणाच्या पद्धतीचा उपयोग मोठा. 'हेवी मेडल'मधील निकषांचा वाद मराठी बालकादंबरीला लावून पाहता येतो. मराठीतील बालसाहित्याचे परीक्षण आजही नियतकालिकांत आणि दिवाळी अंकांत विखुरलेले असते आणि त्याला फीड नसते. ब्लॉगस्पॉट किंवा वर्डप्रेसवर जे मराठी ब्लॉग आहेत त्यांना मात्र, लेखकाला ठाऊक असो वा नसो, फीड बहुधा आपोआप मिळालेली असते, आणि देवनागरी मजकूर तीत विनासायास येतो. उणीव यंत्राची नाही. मराठी शाळेतील ग्रंथपालाने मुलांच्या पुस्तकांवर नियमितपणे, कारणे देऊन आणि प्रतिकूल मतही न लपविता लिहिलेले ब्लॉग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके तरी मिळतील काय, हा खरा प्रश्न आहे. अशी सूची प्रत्यक्ष करून पाहणे हा एखाद्या पदव्युत्तर प्रबंधिकेचा चांगला विषय होईल.

एक शेवटची बाब व्यवहाराची. शाळेतील ग्रंथपाल निवृत्त होतो किंवा त्याची बदली होते तेव्हा दाखल-नोंदवही, शिक्का, किल्ल्या आणि येणे बाकी पुस्तकांची यादी नव्या माणसाच्या हवाली केली जाते. फीडसूची खाजगी समजली जाते आणि जुन्या माणसाबरोबर निघून जाते; नवा माणूस पुन्हा कोठल्या तरी छापील यादीपासून आरंभ करतो. ओपीएमएल स्वरूपातील ही सूची एका लहानशा फाइलीत मावते. ती दर सहामाहीस उतरवून, प्रत्येक ब्लॉगापुढे तो का ठेवला याचे एक वाक्य लिहून, दाखल-नोंदवहीजवळ ठेवण्यास कोणत्याही शाळेला पैसा लागत नाही.